दहापैकी शून्य

“उजवा,” उन्मेष मागून म्हणाला आणि त्याने बाबांच्या खांद्यावर टिचकी मारली.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या रावसाहेबांनी डावा हात वर केला.

वीणाने कागदावर फुली मारली. तिला सासऱ्यांवर पहिल्यापासून शक होता. महिन्यापूर्वी कान गेले म्हणतात, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बरोबर बंद करतात!

बरं, या महिन्यात दोघं त्यांच्यासमोरच काय काय बोलून बसले होते. मयूर विहारचा हा फ्लॅट विकायचा, गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये घ्यायचा. बेडरूम दोनच. एक आपली, एक लेकीची, इशिताची. बाबांना बाल्कनी बंद करून देऊ. पण हा फ्लॅट बाबांच्या नावावर, आणि संध्याकाळी ब्रोकर सहीचे कागद आणणार.

म्हणून ही टेस्ट. बाबांना लिहून दिलं होतं: ‘कानाचं मशीन घ्यायचं का ते बघू. टिचकी मारली की जो ऐकू येईल तो हात वर करा. नाही आलं तर अंदाजे.’ डावा की उजवा, ते नाणं उडवून ठरत होतं.

“खरंच बहिरे असतील तर तुक्क्याने पाचेक बरोबर येतील,” उन्मेषने आधीच सांगितलं होतं. “आठ-नऊ आले तर समज, पकडले.”

“डावा.” उजवा हात. “डावा.” परत उजवा.

दहा झाले.

“झिरो!” वीणाला हायसं वाटलं. “ठार बहिरे आहेत यार. उगाच शक घेतला. चलो, चहा टाकते.”

उन्मेष जागचा हलला नाही.

“थांब. दहाच्या दहा तुक्क्याने चुकणं हजारात एकदा होतं. दरवेळी उलटाच हात वर करायचा तर आधी नीट ऐकू यावं लागतं.”

“एक हजार चोवीसात एकदा,” भिंतीकडून आवाज आला. “पहाडगंजच्या खोलीत मीच शिकवलं होतं तुला. असंच नाणं उडवून.”

वीणा दारातच थिजली. उन्मेष कसाबसा म्हणाला, “मग पाच बरोबर द्यायचे होते ना बाबा. आरामात पास झाला असतात.”

“आणि मी सगळं ऐकलंय हे तुला कोण सांगणार होतं?” रावसाहेबांनी खुर्ची वळवली. खिशातून मोजायची टेप काढून टेबलावर ठेवली. “परवा गुडगावला जाऊन आलो. बाल्कनी लांबीला पाच फूट चार इंच. मी पाच-अकरा.”