मेलेल्या हीरोची पाठ

केरबाच्या उघड्या पाठीवर मेकअपवाला तपकिरी पावडरनं स्नायू कोरत होता. हीरो गेला होता, पण सिनेमातली शेवटची मारामारी राहिली होती. आता चेहरा नको, नुसती पाठ हवी, म्हणून त्याचा डुप्लिकेट केरबा उभा होता.

कातडी स्नायूंना चिकटलेली दिसावी म्हणून ट्रेनरनं कालपासून त्याला पाण्याचा थेंब दिला नव्हता.

"अण्णा, घोटभर तरी द्या की."

"मर्द ना तू?" ट्रेनर खेकसला. "साहेब तर दोन-दोन दिवस प्यायचे नाहीत."

"म्हणूनच मेले ना!"

ट्रेनरनं मान फिरवली. पेपरात हृदयविकार छापून आला होता. पण मेकअपच्या व्हॅनमध्ये नळाकडे सरपटत गेलेला हीरो केरबानंच आधी पाहिला होता. तेव्हापासून कुठलाही नळ गळताना ऐकला की त्याला ते सरपटणं ऐकू येई.

कॅमेरा सुरू झाला. लेकाचा शेवटचा सीन बघायला आलेली हीरोची आई हे सगळं ऐकत होती; ती एकाएकी खुर्चीतून उठली आणि बाटली उघडत थेट केरबामागे येऊन उभी राहिली.

"माझं लेकरू त्या दिवशी फोनवर तहान तहान करत होतं रे. तू तरी पी."

"हलू नकोस! शॉट जाईल!" दिग्दर्शक किंचाळला.

केरबा वळला. आजवर कधी पडद्यावर न आलेल्या त्याच्या चेहऱ्यानं कॅमेऱ्यादेखत गटागटा पाणी प्यायला सुरुवात केली. म्हातारी ओल्या हातानं त्याची पाठ चोळत राहिली, आणि पावडरनं कोरलेला हीरो तिच्या तळव्याला लागत राहिला.