चार ओम

तिसरा ॲम्प्लिफायरही कॅसेटमधल्या डग्ग्याच्या पहिल्याच मोठ्या ठोक्याला बंद पडला. समोर लाल दिवा लागला आणि दिल्लीच्या लाजपतराय मार्केटातलं ते चिंचोळं दुकान एकदम गप्प झालं.

सुधाकररावांनी मान खाली घातली. स्टुलावरचा स्पीकर त्यांनी स्वतः बनवलेला होता. रेल्वे भवनातून निवृत्त झाल्यावर, वैशालीतल्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत आठ महिने खपून त्यांनी जोडी तयार केली होती. आणि गेल्या रविवारी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, ती अशीच मुकी झाली. जावई विक्रांत हसून म्हणाला होता, "बाबा, छंद म्हणून बिल्कुल ठीक आहे. पण ऐकायला आपण बाजारातलेच घेऊ." वाईट कुणीच बोललं नव्हतं. तेच जास्त लागलं होतं.

"राहू दे," ते बायकोला हळूच म्हणाले. "माझ्याच हातून काहीतरी चुकलंय. विक्रांत म्हणतो ते घेऊन टाकू."

अलकनंदाबाईंनी पर्स उगाच या हातातून त्या हातात घेतली.

काउंटरमागच्या म्हाताऱ्या सरदारजींनी मात्र स्पीकर पाठमोरा केला, मीटरच्या दोन तारा मागे टेकवल्या आणि काट्याकडे पाहिलं.

"चार ओम से भी कम. बाऊजी, दो वूफर साथ-साथ जोड़े हैं?"

"हाँ. एक से आवाज़ भरती नहीं थी."

"तो इसमें खराबी कहाँ है? ये करंट ज़्यादा माँगता है, बस. ये चमकीले डिब्बे आठ ओम के लिए बने हैं. ज़ोर पड़ा कि हाँफ गए."

सुधाकरराव बघतच राहिले. ओम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, निम्मे झाले की करंट दुप्पट, हे त्यांना शाळेपासून पाठ होतं. पण रविवारपासून ते स्वतःच्याच हातांकडे इतक्या संशयाने बघत होते, की ॲम्प्लिफायरकडे बघायचं सुचलंच नव्हतं.

"पर इस पर तो हज़ार वॉट लिखा है," अलकनंदाबाई म्हणाल्या.

"बहनजी, लिखने में क्या जाता है?" सरदारजींनी खालच्या फळीवरून एक काळा, साधासा ॲम्प्लिफायर दोन्ही हातांनी ओढून काढला. "साठ वॉट. ज़रा उठाके देखिए."

सुधाकररावांनी उचलला आणि त्यांचे खांदेच ओढले गेले. आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर असणार. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा होता: चार ओमला शंभर वॉट.

तारा जोडल्या. कॅसेट मागे फिरवली. तबल्याची तिहाई जवळ आली तसे सुधाकररावांनी डोळे मिटून घेतले.

ठोका पडला. काउंटरच्या काचेवरचे सुटे स्क्रू थरथरले. दुसरा पडला, तिसरा पडला. सरदारजींनी आवाज आणखी वाढवला. शेजारचा दुकानदार डोकावून गेला. डग्गा घुमतच राहिला, छातीत शिरेल इतका खोल.

सुधाकररावांनी डोळे उघडले. दिवा लागला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि लगेच पुन्हा पुसला.

परतताना रिक्षात दोघांच्या मधे स्पीकर होता आणि ॲम्प्लिफायरचं खोकं सुधाकररावांच्या मांडीवर. यमुनेच्या लोखंडी पुलावर खड्डा आला आणि रिक्षा जोरात उसळली. खोकं घसरलं. सुधाकररावांनी ते कसंबसं सावरलं. अलकनंदाबाईंनी तोवर दोन्ही हातांनी स्पीकर कवटाळला होता.

"अगं, महागाची वस्तू इकडे आहे!"

"ती पडली तर दुकानात दुसरी मिळेल," हात न काढता त्या म्हणाल्या.