कुंपणाची टिकटिक

मेंढ्यांच्या कुंपणातल्या विजेची टिकटिक रेडिओत शिरायची. समुद्रापलीकडची स्टेशनं ऐकू येईनात, म्हणून फर्गसने रबरी हातमोजे चढवून कुरणातली एरियलची लांबलचक तार कुंपणापासून दूर नेली. टिकटिक वाढली. पुन्हा सगळे खुंट उपटून त्याने तार घराकडे सरकवली. आणखी वाढली.

शेवटी त्याने तार खुंटांसकट थेट घराच्या पुढच्या भिंतीला लावली आणि मागल्या दाराने येऊन खुर्चीत अंग टाकलं. पाठीचा पार भुगा झाला होता. रेडिओत आता टिकटिकीशिवाय काहीच नव्हतं.

"मोइरा, कुंपणाची वीज बंद कर गं."

"करते," म्हणत बायको पुढच्या दाराकडे गेली. दोनदा दार ढकलल्याचा आवाज आला.

"फर्गस, मेंढ्यांचं कुंपण उचलून कुणी दाराला चिकटवतं का? दार उघडत नाहीये!"