गॅस बंद केला का?

आजोबांनी अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेरून सिस्टरकडे पाहिलं, अंगठा आणि दोन बोटांनी हवेत एक बटण फिरवलं आणि भुवया वर केल्या. गॅस चालू आहे ना? आतून सिस्टरने मान डोलावली. साडेदहापासूनची ही सातवी खेप होती.

घरच्या कुणाला हा प्रश्न कळला असता तर भोवळच आली असती. आजोबांचा उभा जन्म शेगड्या दुरुस्त करण्यात गेला होता आणि त्या जन्मात त्यांनी जगाला एकच गोष्ट विचारली होती: "गॅस बंद केला का?" आजीला तर पंचेचाळीस वर्षं, दिवसातून दोनदा. ती हो म्हणाली तरी चपला काढून स्वतः आत जायचे आणि बघायचे. दुसऱ्याने बंद केलेला गॅस बंद नसतो, हे त्यांचं ब्रीद. मुलीच्या लग्नाला निघालेली बस त्यांनी अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरवली होती. गॅस बंदच होता. आजी पुढे तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

आता त्याच मुलीची पाच दिवसांची लेक काचेपलीकडे गॅसवर होती, आणि तिच्यापायी अख्खं घर गॅसवर होतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. बाळ जन्मलं की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला हव्यात. हिच्या झाल्याच नाहीत. आत दाब चढलाय, रक्ताला प्राणवायू पुरत नाही. श्वासाच्या नळीतून हा औषधाचा गॅस थोडा थोडा दिला की त्या सैल होतील.

"म्हणजे रेग्युलेटर अडकलाय," आजोबा म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तसंच समजा."

आजोबांनी आत जाऊन दोनदा हुंगून पाहिलं होतं. "वास येत नाही. पोचतोय ना नक्की?"

"ह्याला आपल्या शेगडीच्या गॅससारखा वास नसतो, आजोबा," सिस्टर म्हणाली.

"मग गळला तर कळणार कसं?"

"यंत्राला कळतं."

तीन घरं पलीकडची गळती हुंगून सांगणाऱ्या त्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण गॅस लागू पडला. निळी बोटं गुलाबी झाली. मॉनिटरवरचा प्राणवायूचा आकडा पंचाहत्तरवरून पंच्याण्णववर गेला. कुणी बघत नाहीसं पाहून आजोबांनी यंत्राला हात जोडले.

मग गॅस उतरवायला सुरुवात झाली. वीसवरून दहा, पाच, एक. काल दुपारी तो एकही बंद केला, आणि आकडा धाडकन ब्याऐंशीवर आला. घंटी वाजली, सिस्टर धावली, गॅस पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून आजोबा काचेपासून हलले नव्हते. आणि आज सकाळी डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या होत्या, "परत बंद करून बघू."

दुपारी तीनला त्या दारात दिसताच आजोबा आडवेच आले.

"बाई, पाया पडतो, पण बंद नका करू. एकावर आहे, तर राहू दे एकावर. मंद आचेवर कुणाचं काही बिघडत नाही."

"आजोबा, ऐका तर..."

"अहो, बंद करा, बंद करा म्हणून जन्मभर लोकांच्या मागे लागलेला माणूस आज चालू ठेवा म्हणतोय! आकडा बघा. शहाण्णव! कुणाची करामत ही? गॅसची!"

सिस्टर दार उघडून बाहेर आली. तिला काहीच उमगेना.

"आजोबा, गॅस तर दहालाच बंद केला. पाच तास झाले."

"पण मी विचारत होतो, तू हो म्हणत होतीस..."

"मग? तुम्ही असं बटण फिरवून विचारत होता ना, बंद केला का म्हणून?"

आजोबा तडक दाराकडे वळले. त्यांनी चपला काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, अंगात डगला चढवला आणि स्वतः आत जाऊन बघितलं. यंत्रावर शून्य होतं. नातीची छाती वरखाली होत होती. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा शून्य बघितलं.

आजी घरी लेकीचा डबा करत होती. तिने पहिल्या घंटीलाच फोन उचलला. काचेला कपाळ टेकून आजोबा बोलले.

"गॅस... बंद केला..."

"केला हो, केला!" आजी कडाडली. "नात तिकडे त्या अवस्थेत, आणि तुम्हाला माझ्या शेगडीची पडलीय!"

"तुझा नाही गं. तिचा. पाच तास झाले. शहाण्णव आहे."

पलीकडे डब्याचं झाकण खणकलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"अहो," आजी म्हणाली, "एकदा परत आत जाऊन बघून या ना."