घर शांत झालं की

घर शांत झालं की सालोमीबाईंना वाटायचं, प्रभू येऊन गेला. बाकी सगळं विसरल्या होत्या, पण ही एक भीती शाबूत होती. शेवटच्या दिवशी प्रभू आपल्या माणसांना वर नेईल, आणि मागे राहतील त्यांच्या नशिबी मोठं संकट. मुलगा विनय ऑफिसला आणि सून रूथ हॉस्पिटलच्या शिफ्टला गेली, की त्या रिकाम्या खोल्यांतून हाका मारत फिरायच्या. इंग्लंडच्या थंडीत, जानेवारीत तर नाइटीवरच रस्त्यावर गेल्या. शेजारणीनं आपला कोट त्यांच्या अंगावर घालून त्यांना परत आणलं. संध्याकाळी विनयचा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांना नेलं रे. मला ठेवलं."

"कुणी कुठे गेलं नव्हतं, आई. कामावर होतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी थांबावं, तर व्हिसा दोघांच्याही नोकरीवर. शेवटी गावातच, कॉव्हेंट्रीत, वृद्धांसाठीचं एक केअर होम पाहिलं. तिथे सतत माणसांचा वावर असतो, एवढ्यावर विनयनं मनाची समजूत घातली.

आज आईला तिथे सोडताना नर्स म्हणाली, "त्या चहा पितायत तोवर निघा. निरोप घेऊ नका." तो मागच्या दारानं बाहेर पडला.

कार पार्कमध्ये नगरहून बहिणीचा मिस्ड कॉल आला. त्यानं उलट फोन लावला.

"काय झालं रे आईचं?"

"जागा मिळाली होममध्ये. आजच आईला ठेवलं."

आईचाच शब्द तोंडून गेल्याचं लक्षात येऊन त्यानं फोन कानापासून खाली घेतला. पलीकडून बहीण हाका मारत राहिली.