त्रेसष्ट नंबरची काच

"ही पुन्हा एकदा रंगवा," डॉक्टर म्हणाले आणि त्रेसष्ट नंबरची आणखी एक कोरी काच ताईंच्या ट्रेमध्ये ठेवून निघून गेले.

ही पाचवी वेळ. ताईंनी मनातल्या मनात हात जोडले. प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचा रंगवलेल्या बाईवर एवढाही भरवसा नसावा, याचा त्यांना सणसणीत राग आला होता.

प्रकरण तसं साधं होतं. पोटाच्या कॅन्सरच्या दोनशे जुन्या रोग्यांच्या गाठींचे काप घेतले होते. त्यांत एक प्रथिन शोधायचं. ते असलं की काप तपकिरी होतो. जितका गडद, तितका माणूस लवकर गेलेला. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं आणि त्रेसष्टपाशी माशी शिंकली. काप पार काळपट, आणि गृहस्थ नऊ वर्षांनीही ठणठणीत.

"एक वगळला तर काय बिघडतं?" असं विभागप्रमुखही म्हणाले. पण डॉक्टर ऐकतील तर ना. दर आठवड्याला त्या गृहस्थांना फोन. काय खाता, झोप लागते का, वजन किती. आलेख नीट दिसावा म्हणून माणूस मरायची वाट बघायची, म्हणजे कमाल झाली, असं ताईंना वाटायचं.

शिवाय नसत्या उठाठेवी होत्याच. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी एक बिननंबरची काच आणून दिली. "ही पण त्यातच रंगवून टाका." ती तर त्रेसष्टहून गडद निघाली. तुलनेला नमुना म्हणून आणली असेल, म्हणून ताईंनी विचारलंही नाही. कामाच्या मध्येच घरून फोन आला, की डॉक्टर बाहेर जाऊन हळू आवाजात बोलत बसायचे. काचा इकडे तशाच पडून.

पाचवी काचही गडदच आली. आता मात्र ताई इरेला पेटल्या. तळघरातल्या कपाटातून त्यांनी ऑपरेशनच्या वेळच्या मूळ काचा काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. त्रेसष्टचा काप त्रेसष्टच्या रोग्याच्या मूळ कापाशी जुळेना. चौसष्टच्याशी मात्र तंतोतंत जुळला.

दोन्ही ऑपरेशनं एकाच दिवशीची. दोघांच्या काचांच्या गठ्ठ्यांवर अभ्यासाचे नवे नंबर घालताना अदलाबदल झाली होती, आणि नंबर घातले होते ताईंनीच. चौसष्टवाला तर काच फिकट असूनही आठ महिन्यांतच गेला होता; लवकर जायला इतर कारणंही असतात, म्हणून तिकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

चूक कबूल करणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. पण निदान रोजची कटकट तरी मिटणार होती.

"सर, चूक माझी आहे," त्या डॉक्टरांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "गडद काच चौसष्टची. त्रेसष्टची फिकट आहे, म्हणून ते जगले. आता दोघंही ओळीत बसतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावतील अशी ताईंची तयारी होती, पण ते रागावले नाहीत.

"नक्की?"

"मी तीनदा पाहिलं, सर."

"गडद असून जगलेलं दुसरं कुणी आहे का?"

"एकही नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "आता कुणाला बोट ठेवायला जागा नाही."

डॉक्टरांनी खण उघडला. त्यातली ती बिननंबरची काच काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"घरी बायकोला मी रोज त्रेसष्ट नंबरवाल्यांचंच उदाहरण देत आलोय," ते म्हणाले.