कागदवाले, कॉम्प्युटरवाले

अमृतरावाची एक खोड उमादेवीला अलीकडं सोसवत नव्हती. माणूस कशासाठीही दारात येवो, प्राध्यापक लेक आपल्या प्रयोगाचंच गुऱ्हाळ लावायचा. आजही उदगीरचा जिल्हा कधी होणार, हे बोलायला चार माणसं आली. त्यांनाही त्यानं तेच ऐकवलं. कॉलेजातला निम्मा वर्ग परीक्षेला कॉम्प्युटरवर बसवला, निम्मा कागदावर. पेपर एकच, वेळ एकच. कागदवाल्यांनी बाजी मारली. आता विद्यापीठात त्यावर आपलं भाषण आहे.

"नळ आटले," उमादेवी आतून म्हणाली, "भाषणं तेवढी वाहून राहिलीत."

माणसं हसत उठली.

मागच्या दारी जोहरा घागर घेऊन उभी होती. गावात टँकरची वाट बघणं चाललेलं, पण तिच्या बोअरला अजून ओल होती. उमादेवीच्या लिंगपूजेचं पाणी तिथूनच यायचं. ते आणायची जोहराची लेक जाहिदा, अमृतरावाच्या लेकीच्या, सिंधुच्या, वर्गातली.

"पोरगी कुठाय गं?"

"घरातच हाय, अक्का. नापास झाली. कॉम्प्युटर कधी हातात धरला व्हता तिनं? येक येक अक्षर हुडकून दाबायची. टैम झाला न् आपसूक बंद पडला. अर्धा पर्चा तसाच." जोहरानं पदर तोंडाला लावला. "तिचे अब्बा म्हणले, बस झालं शिकणं. निलंग्याचं स्थळ आलंय. जुम्म्याला बघायला येणार."

"ती नापास? माझ्या सिंधुला तीच शिकवायची की!"

जोहरा घागर ठेवून गेली.

भाजी निवडणारी सिंधु मान वर करीना. उमादेवी तिच्यासमोर बसली.

"बोल."

"आज्जी, कोण कशावर बसणार त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या व्हत्या. माझी कॉम्प्युटरची निघाली. मी लई रडले. मग अप्पांनी माझी न् जाहिदाची चिठ्ठी बदलली."

"तिला म्हाईत हाय?"

सिंधुनं मान हलवली. नाही.

उमादेवी गुडघ्यावर हात टेकून उठली. उभ्या जन्मात तिनं महादेवापुढं टाकलेली चिठ्ठी कुणी फिरवलेली पाहिली नव्हती. शेताची वाटणी असो, नाहीतर पालखीचा मान. ती बाहेरच्या खोलीत आली. अमृतराव भाषण लिहीत होता.

"जाहिदाचा पेपर परत घे. कागदावर."

"अव्वा, तसं नियमात बसत नाही."

"सिंधुचं बसलं?"

त्याचा पेन थांबला. दाराआड उभ्या लेकीकडं त्यानं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"पोटची पोर आहे, अव्वा. आणि एका चिठ्ठीनं काय होतंय? वर्गात साठ पोरं. साठांत एक इकडची तिकडं झाली, तर निष्कर्षात काहीच फरक पडत नाही."

उमादेवीला निष्कर्ष म्हणजे काय ते कळलं नव्हतं. बाकीचं सगळं कळलं होतं.

"तुझ्यापाशी साठ हायत, अमृत. जोहरापाशी एकच हाय. चपला घाल. तिच्या नवऱ्याफुडं उभा ऱ्हा न् म्हण, पोरगी नापास झाली न्हाई, मी केली."